कांचघरातला ईस्टर सोमवार

मुलाचे सासू-सासरे युरोपातल्या ब्रनोहून आमच्याकडे महिनाभर राहायला येणार हे ठरलं, तेव्हा मी पहिलं काम केलं ते म्हणजे फाटकासमोरच्या नालीवर फरशा टाकून घेतल्या. मग फाटक रंगवलं. कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग असतो, तो रोज उचलावा म्हणून कचरागाडीवाल्या भैयाच्या विनवण्या केल्या. पडदे बदलले, ताटं बदलली, आंघोळीचं स्टूलसुद्धा नवं आणलं.

"अगं, ते जबलपूर पाहायला येऊन राहिले, आपली नाली पाहायला नाही," आमचे हे म्हणाले. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून हे कशाचीच घाई करत नाहीत.

पण ब्रनोहून परत येताना मी थोडी लाज सोबत घेऊन आले होते. मुलाच्या लग्नानंतर आम्ही दोघं तिकडे जाऊन आलो. विहीणबाईंकडे पहिल्यांदा जेवायला जाताना मी वाटेत सहा गुलाब घेतले. त्यांनी हसून घेतले, पण फुलदाणीत पाचच ठेवले. सहावं फूल खिडकीशी एका पेल्यात एकटंच उभं होतं. सूनबाईंनी नंतर सांगितलं की त्यांच्यात समसंख्येची फुलं मेलेल्या माणसाला वाहतात. आपणही आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतोच, म्हणजे मला कळायला काहीच अवघड नव्हतं, फक्त कुणी आधी सांगितलं नव्हतं. आणि ट्राममध्ये मी नागपूरच्या बहिणीशी फोनवर बोलत बसले, नेहमी बोलते तशी. सगळा डबा शांत. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, सगळे आपापल्या गुडघ्यांकडे पाहत होते. मुलाने माझ्या हातावर हलकेच हात ठेवला, तेव्हा मला समजलं.

म्हणून आता ते लोक आमच्याकडे येणार तर त्यांना आमचं काही म्हणजे काही वावगं दिसू नये, असं मी ठरवलं होतं.

ते मार्चात आले. मुलगा आठवडाभर राहून कामावर परत गेला. सूनबाई आणि त्यांचे आईवडील राहिले. सूनबाईंना मराठी बऱ्यापैकी समजतं, बोलायला मात्र त्या चाचपडतात. त्याच आमच्या दुभाषी. व्याही उंच, रुंद हातांचे, आयुष्य रेल्वेच्या वर्कशॉपात गेलेलं. विहीणबाई बुटक्या, चष्म्यावरून पाहणाऱ्या. त्यांनी घरात घालायच्या सपाता स्वतःच्या आणल्या होत्याच, आमच्यासाठीही एकेक जोड आणली होती, लोकरीची. जबलपूरच्या मार्चात लोकरीच्या सपाता! पण बाहेरचे जोडे दाराशी काढायचे हा नियम दोन्ही घरांत एकच निघाला, तेवढ्यानेही मला धीर आला.

त्यांच्या सवयी मला आवडायला लागल्या. जेवताना सगळ्यांची ताटं वाढून होईपर्यंत कुणी घास घेत नसे. मग विहीणबाई "दोब्रोउ खुत्" म्हणत, सुखाने जेवा, आणि मगच सुरुवात. दुपारच्या जेवणात त्यांना आधी सूप लागे. मी साधं वरण पातळ करून वाटीत देई, त्यांना ते सूपच वाटे आणि मीही खुलासा केला नाही. व्याही घमापूरच्या बाजारात यांच्याबरोबर भाजीला जात. त्यांच्याकडे दुकानात शिरताना दुकानदाराला आणि आत असलेल्या सगळ्यांना नमस्कार म्हणायचा आणि निघताना पुन्हा निरोप घ्यायचा अशी रीत. इथेही ते किराणा दुकानाच्या पायरीवर उभे राहून रांगेतल्या एकेकाला "नमस्ते" म्हणत. आधी लोक हसले, मग दुकानदारच त्यांना आधी नमस्ते म्हणायला लागला.

भेडाघाटला मात्र लोकांनी त्यांना घेरून इतके फोटो काढले की नावेत बसेपर्यंत माझी मान वर होईना. "इट्स ओके, आई," सूनबाई म्हणाल्या. मला ओके वाटत नव्हतं.

आता शेजारच्या घराबद्दल सांगायला हवं.

आमच्या ओळीतली घरं एकमेकांना चिकटलेली आहेत. शेजारचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. तिथे एक जोडपं भाड्याने राहत होतं. तो कुठल्याशा सरकारी ऑफिसात, नीटनेटका, दिसला की "नमस्ते आंटीजी" म्हणणारा. ती तिशीची, घरीच असायची. मूलबाळ नव्हतं. तो तिला मारायचा. हे मला माहीत होतं, यांना माहीत होतं, समोरच्यांना, वरच्यांना, सगळ्या गल्लीला माहीत होतं. आधी काहीतरी आपटल्याचा आवाज यायचा, मग त्याचा दबका, सलग आवाज, मग तिचा. मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसली की मी म्हणायची, "आज धूप अच्छी है." ती म्हणायची, "जी आंटी."

पाहुणे येऊन काही दिवस झाले होते. संध्याकाळी आम्ही चहाला बसलो असताना भिंतीपलीकडे तो आवाज सुरू झाला. विहीणबाईंचा कप हातातच राहिला. व्याह्यांनी सूनबाईंना काहीतरी विचारलं, सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"टीव्ही आहे," मी म्हणाले. "त्यांच्याकडे सिरियल लागते मोठ्या आवाजात."

आणि उठून मी आमचा टीव्ही लावला, आवाज वाढवला.

इतक्या सहज बोलले की माझं मलाच खरं वाटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिच्याबद्दल काहीच वाटलं नाही. मला राग आला होता, की आजच कशाला, पाहुणे घरात असताना. नाली झाकली, ढीग उचलवला, आणि आता हे.

पुढल्या वेळी व्याही उठून भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. हे त्यांना म्हणाले, "नो नो, हजबंड-वाइफ," आणि दोन्ही हातांनी सोडून द्या अशी खूण केली. म्हणजे माझं टीव्हीचं खोटं तिथेच उघडं पडलं. पण त्या लोकांनी पुन्हा काही विचारलं नाही. ते शांत बसले, ब्रनोच्या ट्राममधल्यासारखे, गुडघ्यांकडे पाहत.

मग त्यांचा ईस्टर आला. विहीणबाईंना अंडी रंगवायची होती. आमच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. हे बाहेर ठेल्यावर खातात ते मला माहीत नाही असं आम्ही दोघंही धरून चालतो. शेवटी गच्चीवर छोटी शेगडी मांडून दिली. त्यांनी माझ्याकडून कांद्याची सालं मागून घेतली, पिशवीभर. अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवायचं, जुन्या पायमोज्यात घट्ट बांधायचं आणि सालांच्या पाण्यात उकळायचं. मोजा सोडला की विटकरी अंड्यावर कोथिंबिरीचं पांढरं पान उमटलेलं. मी ते अंडं हातात घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

रविवारी संध्याकाळी व्याह्यांनी अंगणातल्या शहतुताच्या, म्हणजे तुतीच्या, कोवळ्या फांद्या कापल्या आणि पायरीवर बसून त्यांची वेणी घालायला घेतली. त्यांच्याकडे विलोच्या फांद्या वापरतात, इथे शहतूत चालेल म्हणाले. मी विचारलं, हे काय?

सूनबाईंनी खाली पडलेली एक फांदी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "आई, हे मला सांगायला लाज वाटते." ईस्टरच्या सोमवारी पुरुष आणि मुलं घरोघर जातात, बायकांच्या पायांवर ही वेणी हलकेच मारतात, गाणं म्हणतात. फांदीतला कोवळेपणा बाईच्या अंगात उतरतो, वर्षभर ती निरोगी राहते असं मानतात. मग बायका त्यांना रंगवलेलं अंडं देतात, वेणीला रिबन बांधतात, मोठ्यांना प्लमची दारू देतात. "मी लहान असताना बाथरूममध्ये कडी लावून बसायची. मला नाही आवडत. पण बाबा फक्त टच करतात. त्यांना वाटतं, नाही मारलं तर बाईचा अपमान. जसं तिला विसरले."

मला यात काही वाईट वाटलं नाही. आमच्याकडे होळीला काय कमी चालतं? उलट पाहुण्यांचा सण आपल्या घरी होतोय म्हणून मी खूष होते. जुन्या ब्लाउजची जरीची किनार काढून मी वेणीला बांधायची पट्टी तयार ठेवली. दारूची प्रथा यांना फार पसंत पडली. प्यायच्या आधी समोरच्याच्या डोळ्यात पाहायचं असतं, ते यांनी दोनदा तालीम करून शिकून घेतलं.

सोमवारी सकाळी सूनबाई आपल्या खोलीतच राहिल्या. व्याही नवा शर्ट घालून अंगणात आले, खणखणीत आवाजात काहीतरी म्हणत आधी विहीणबाईंच्या मागे धावले. त्या साठीच्या बाई शहतुताभोवती गोल गोल पळत होत्या आणि किंचाळत होत्या. मग ते माझ्याकडे वळले. मी साडी सावरत पळाले. पोटरीला फांदीचं टोक लागलं, ओलं आणि गार, आणि मी जोरात ओरडले, "आई गं! अहो पुरे, पुरे!" हसून हसून मला दम लागला होता. समोरच्या गच्चीवरून बायका पाहत होत्या, एकीने मोबाइल धरला होता.

तेवढ्यात फाटक आपटलं आणि शेजारची आत आली. अनवाणी, पिठाच्या हातांनी, ओढणी नाही. ती सरळ माझ्या आणि व्याह्यांच्या मध्ये आली आणि तिने त्यांचं मनगट धरलं.

"हाथ मत लगाना इनको," ती म्हणाली. "खबरदार."

व्याह्यांना शब्द कळले नाहीत, पण बाकी सगळं कळलं. त्यांच्या हातातून वेणी पडली. त्यांचा चेहरा मानेपासून लाल होत गेला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आंटी, लगी तो नहीं?"

मी म्हणाले, "अरे नहीं, ये तो खेल है." सूनबाई आवाज ऐकून बाहेर आल्या होत्या. तोडक्यामोडक्या हिंदीत त्यांनी तिला समजावलं. सण आहे, हलकेच मारतात, मग बाई अंडं देते.

ती ऐकत होती. अजून धापा टाकत होती. "मारने वाले को इनाम?" तिने विचारलं. चेष्टा नव्हती त्यात, तिला खरंच विचारायचं होतं.

त्या वेळी मी तिला जवळून पाहिलं. ओढणी नसल्यामुळे दंड उघडे होते आणि त्यावर काय होतं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आम्ही पाहतोय हे तिनेही पाहिलं. तिने पिठाचे हात छातीशी दुमडले. "चलती हूँ, तवा रखा है गैस पर." विहीणबाईंनी घाईने तिच्या हातात एक अंडं दिलं. ती ते घेऊन गेली.

यांनी दारूचे पेले आत नेऊन ठेवले. कुणी प्यायलं नाही.

दुपारी जेवताना सूनबाई म्हणाल्या, "आई, तुम्ही म्हणाल्या टीव्ही."

मी मान खाली घालून भात कालवत राहिले. मला वाटलं होतं, आता त्या लोकांच्या नजरेत आम्ही काय झालो असू. पण विहीणबाई बोलायला लागल्या, हळूहळू, चमचा खाली ठेवून, आणि सूनबाई मराठीत सांगत गेल्या. त्यांच्या दहा मजली इमारतीतही भिंती पातळ आहेत. वरच्या मजल्यावर अशीच एक बाई होती. रोज सकाळी लिफ्टमध्ये भेटायची. त्यांच्याकडे लिफ्टमध्ये शिरणाऱ्याला सगळे 'दोब्री देन', म्हणजे नमस्कार, म्हणतात, बाहेर पडताना निरोप घेतात. "आम्ही तिलाही म्हणायचो. रोज. गालावर काय आहे ते दिसत असताना. तिच्या नवऱ्यालाही म्हणायचो." मग? मी विचारलं. "मग ते राहायला दुसरीकडे गेले." विहीणबाई उठून स्वतःचं ताट धुवायला गेल्या. एरवी मी त्यांना धुऊ देत नसे.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर मी तिच्याकडे गेले. घर स्वच्छ होतं, आमच्यापेक्षाही. तिने पाणी दिलं. मी कालच्याबद्दल काहीतरी बोलत राहिले, मग एकदम म्हणाले, "बेटा, हमें सब सुनाई देता है."

"पता है आंटी," ती म्हणाली. "आपका टीवी तेज़ हो जाता था."

रागाने नाही, अगदी सहज, जसं कुणी सांगतं की दुधवाला या वेळी येतो. किती वर्षं ती भिंतीच्या त्या बाजूने आमचा टीव्ही ऐकत होती! मला बसवेना आणि उठवेना. पेल्यातलं पाणी मी संपवलं.

त्याच आठवड्यात संध्याकाळी पुन्हा आवाज आला. मी उठले. यांनी विचारलं, "काहून जाऊन राहिली? उद्या तोंड दाखवायचं आहे त्यांना."

"म्हणूनच," मी म्हणाले. इतकं धीट वाक्य बोलून मी त्याच्या दाराची घंटी वाजवली खरी, पण त्याने दार उघडून "जी आंटीजी?" म्हटलं, तेव्हा मी भलतंच बोलून गेले. मी म्हणाले, "थोड़ा जामन चाहिए था, दही के लिए." निवृत्त होईपर्यंत शाळेत तीस-तीस पोरांना एका आवाजात गप्प करणारी बाई मी, आणि त्याच्यापुढे विरजण मागत उभी राहिले.

माझ्या मागून विहीणबाई आल्या होत्या, लोकरीच्या सपातांमध्ये. त्यांनी त्याला नमस्ते म्हटलं नाही. दुकानात, लिफ्टमध्ये, रस्त्यात कुणालाही नमस्कार न चुकवणारी ती बाई दाराच्या चौकटीत नुसती उभी राहिली आणि त्याच्याकडे पाहत राहिली. तो आत वळून म्हणाला, "सुनो, आंटी को जामन दे दो." ती वाटी घेऊन बाहेर आली तोपर्यंत आम्ही हललो नाही. आणि आली तरी हललो नाही. शेवटी तो चपला घालून बाहेर निघून गेला.

पाहुणे परत गेले. जाताना व्याह्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ काहीतरी बोलले. सूनबाई म्हणाल्या, ते माफी मागताहेत. कशाची, हे सूनबाईंनी विचारलं नाही आणि मीही नाही.

त्यानंतर आवाज आला की मी जायची. विरजण, मग कढीपत्ता, मग चावी हरवली, मग एकदा काहीच न मागता. "हमें सुनाई देता है," मी त्याला म्हणाले. त्याने ऐकून घेतलं. तेव्हापासून "नमस्ते आंटीजी" बंद झालं. यांना तो चौकात भेटून म्हणाला की तुमच्या मिसेसना समजावा, दुसऱ्याच्या घरात फार लक्ष घालतात. यांनी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं, मला समजावलं मात्र नाही. पुढल्या वेळी मात्र मी निघाले तेव्हा हेही शर्टाची बटणं लावत मागोमाग आले.

पावसाळ्याच्या आधी एका सकाळी ती एक बॅग घेऊन आली. तो दौऱ्यावर गेला होता. "आंटी, स्टेशन तक चलेंगी? अकेले डर लग रहा है." आम्ही ऑटोने गेलो. नरसिंहपूरला तिचं माहेर. फलाटावर मी तिच्यासाठी केळी घेतली, पाण्याची बाटली घेतली, पुन्हा बिस्किटं घेतली. हातांना काहीतरी करायला हवं होतं. गाडी यायला वेळ होता. मी तिला विचारलं, त्या दिवशी तू अशी धावत कशी आलीस, तुला भीती नाही वाटली?

"आप चिल्लाईं न," ती म्हणाली.

एवढंच. कुणी ओरडलं की जायचं असतं, यापलीकडे त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. मी केळ्यांची पिशवी तिच्या बॅगेत कोंबत राहिले.

ती परत आली नाही. तो काही महिन्यांनी बदली घेऊन गेला, आता तिथे एक बँकेतलं कुटुंब आहे. गल्लीतल्या काही जणी म्हणतात की मी त्यांचा संसार मोडला. यंदा एका घरच्या हळदीकुंकवाचं बोलावणं मला आलं नाही. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण त्या बायकांना मी काय बोलणार? इतकी वर्षं मीही त्यांच्यातलीच होते. माझ्या घरात परदेशी पाहुणे नसते, तर आजही असते. मला आधी लाज वाटली ती मार खाणारीचा आवाज पाहुण्यांच्या कानावर गेला याची. मार पडत होता याची लाज त्यानंतर खूप उशिरा वाटली.

तिचा मधूनमधून फोन येतो. तिथल्या एका लहानशा शाळेत शिकवते आता. मी तिला पहिलीच्या पोरांना अक्षर कसं गिरवायला लावायचं ते सांगते, ती हसते. दर वेळी म्हणते, आंटी, नरसिंहपूरला या ना, अम्मा तुमची वाट पाहते, तिला तुमचे आभार मानायचे आहेत. मी म्हणते, येईन, उन्हं उतरू देत. उन्हं उतरली, थंडी पडली, थंडी गेली. नरसिंहपूर काही लांब नाही, सकाळी निघालं तर जेवायला तिथे पोहोचता येतं. हे म्हणतात, चल, मी येतो सोबत. पण तिची आई समोर बसून हात जोडणार, आणि ते मला पाहवणार नाही. अजून मी गेलेले नाही.